"बाई, कुणाला सांगू नका हां" असं पोर म्हणालं तर?

मागच्या अंकात बाल संरक्षणाच्या ट्रेनिंगबद्दल थोडंसं लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की प्रश्न असतील तर पाठवा. मला वाटलं दोन-चार येतील, पण अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत एवढे मेसेज आले की सगळे एका अंकात मावणारच नाहीत. त्यातले काही इथे घेतेय. ओळख पटेल असं जे होतं ते सगळं काढलंय, गावाचं नावही नाही, फक्त तालुका ठेवलाय. ज्यांचं प्रकरण तातडीचं वाटलं त्यांना आधीच फोन केलाय.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी गुहागर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. आमचं पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, ट्रेनिंग झालं, पंचायत समितीच्या हॉलमध्ये, दोन-अडीच तास. कलमं सांगितली, पीपीटी दाखवली, चहा, फोटो, सर्टिफिकेट. त्यानंतर तीन आठवड्यांनी मधल्या सुट्टीत चौथीतली एक मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, एक सांगू? पण कुणाला सांगायचं नाही हां." मी म्हटलं नाही सांगणार गं, बोल. तेवढ्यात घंटा झाली आणि ती पळाली. त्याला आज पाच दिवस झाले. मला काही सुचत नाही. ट्रेनिंगमधलं एक अक्षर आठवेना. मी विचारू का तिला? की वाट बघू?

बाई, वाट बघू नका. पण तिला ऑफिसात बोलावून समोर बसवून "काय सांगणार होतीस" असंही नको. उद्या तिच्याबरोबर काहीतरी साधं काम काढा, झाडांना पाणी घालणं, वाचनकोपऱ्यातली पुस्तकं लावणं, जिथे बाकीची पोरं दिसतायत पण त्यांना ऐकू जात नाही असं. आणि सहज म्हणा, "त्या दिवशी तू मला काहीतरी सांगत होतीस आणि घंटा झाली. तुला सांगावंसं वाटलं तर मी आहे. आज नको तर उद्या." एवढंच. बोलली नाही तर गप्प राहा, दोन दिवसांनी परत असंच जवळ बसा. कदाचित मैत्रिणीचं भांडणही असेल, कदाचित घरी कुणी आजारी असेल. आपल्याला माहीत नाही तोपर्यंत डोक्यात गोष्ट रचायची नाही.

आता ते "नाही सांगणार गं". हे वाक्य मागे घ्यावं लागेल, आणि ते ती बोलायच्या आधी. असं म्हणा, "मी परवा म्हटलं ना कुणाला सांगणार नाही, ते मी चुकीचं बोलले. तू जे सांगशील ते मी वर्गात, गावात कुणाला सांगणार नाही. पण तुला कुणी त्रास देत असेल तर तो थांबवायला मला मदत करणाऱ्या माणसाला सांगावं लागेल, आणि ते मी तुला आधी सांगूनच करीन." तुम्हाला वाटेल मग ती बोलणारच नाही. काही मुलं खरंच थांबतात. पण बहुतेक वेळा माझा अनुभव असाय की मूल क्षणभर बघतं आणि बोलतं, कारण त्याला गुपित जपायचं नसतं, त्याला ते ओझं उतरवायचं असतं.

हे मी एवढं ठासून सांगतेय कारण मी स्वतः ही चूक केलीय. अगदी सुरुवातीला, एका वस्तीवर आम्ही मुलांचं शिबिर घेत होतो, तिथे एका मुलाने मला असंच विचारलं आणि मी शपथ घेतली, गळ्याला हात लावून. त्याने सगळं सांगितलं. मग अर्थातच मला कळवावं लागलं, आणि पोलीस त्याच्या घरी आले तेव्हा त्याने माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरले नाही. त्याचं भलंच झालं पुढे, पण त्याच्यासाठी मी शब्द मोडणारी आणखी एक मोठी बाई होते. त्याला आधीच एका मोठ्या माणसाने फसवलं होतं ना.

समजा ती बोलली आणि ते लैंगिक त्रासाचंच निघालं, तर त्या पहिल्या दहा मिनिटांत करायचं काय? चेहरा शांत ठेवा. हे सांगायला सोपं आहे, पण मूल तुमच्या चेहऱ्याकडे बघून ठरवतं की पुढचं सांगायचं की नाही, तुम्ही "अगं बाई!" केलंत की ते म्हणतं काही नाही काही नाही. प्रश्न विचारायचे तर "मग काय झालं?", "अजून काही सांगायचंय?" असे मोकळे. "त्याने इथे हात लावला का?" असं विचारू नका, कारण मग उत्तर तिचं राहत नाही, तुमचं होतं, आणि पुढे कोर्टात वकील पहिला प्रश्न तोच विचारतो की हे मुलीच्या तोंडात कुणी घातलं. "तू आधी का नाही सांगितलंस" हे तर कधीच नाही. म्हणा, "तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही." पुरे. चौकशी करणं हे आपलं काम नाही, ते पोलिसांचं काम आहे.

ती गेली की लगेच लिहून काढा. तारीख, वेळ, जागा, आणि तिचे शब्द जसेच्या तसे. आपल्याकडे मुलं घरच्या बोलीत बोलतात, कुणी बाणकोटी, कुणी मालवणी, कुणी कोकणी मुसलमानांच्या बोलीत, शरीराच्या अवयवाला प्रत्येक घरात वेगळा शब्द असतो. तिने जो शब्द वापरला तोच लिहायचा, शुद्ध मराठी करायचं नाही. मी बघितलंय, शिक्षक लाजेने "अयोग्य वर्तन केले" असं लिहितात आणि त्यातून कुणालाच काही कळत नाही.

आणि मग कळवायचं, त्याच दिवशी. पॉक्सो कायदा २०१२ चा, त्यातलं कलम १९ सांगतं की गुन्हा झाल्याचं ज्याला कळलंय किंवा होईल अशी भीती वाटतेय त्या कुणीही स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायलाच पाहिजे. कुणीही म्हणजे तुम्हीसुद्धा, हेडमास्तरांची परवानगी लागत नाही. त्यांना सांगा जरूर, पण त्यांच्या "बघूया" वर थांबू नका. चांगल्या हेतूने कळवलंत आणि पुढे काही सिद्ध झालं नाही तरी तुमच्यावर कारवाई होत नाही, हेही त्याच कलमात आहे. ही गोष्ट ट्रेनिंगमध्ये कुणी सांगत नाही, शिक्षेचं कलम मात्र सगळे सांगतात, त्यामुळे लोक घाबरून गप्प बसतात.

तुमच्या ट्रेनिंगबद्दल मला राग आला, तुमच्यावर नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण झालं, त्यानंतर शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती (शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठीची), कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी या सगळ्यावर परत सूचना आल्या आणि ट्रेनिंगंही भराभर उरकली गेली. पण अडीच तास कलमं ऐकून तोंडातून वाक्य निघत नाही हो. गणपतीच्या आधी जाखडी नाचणारे महिनाभर रोज रात्री तालीम करतात तेव्हा कुठे पाय बरोबर पडतो. इथेही तालीमच लागते. मी ट्रेनिंगमध्ये जोड्या करते, एकीने मूल व्हायचं, एकीने बाई, आणि "कुणाला सांगू नका हां" हे वाक्य समोरून यायचं. पहिल्यांदा सगळ्या हसतात. दुसऱ्या वेळी गप्प होतात. चौथ्या-पाचव्या वेळी न अडखळता उत्तर येतं. केंद्रप्रमुखांना सांगा, पुढच्या शिक्षण परिषदेत एक तास फक्त एवढ्यासाठी द्या, पीपीटी नको. आणि त्या मुलीचं काय झालं ते मला कळवा, नक्की.

प्रश्न : आमचा मालवण तालुक्यात किनाऱ्यालगत होमस्टे आहे, मे महिन्यात मुलांचं पाच दिवसांचं कॅम्प घेतो, पोहणं, स्नॉर्कलिंग, किल्ला दाखवणं वगैरे. यंदा एका पालकाने विचारलं की तुमची चाइल्ड सेफ्टी पॉलिसी काय? आम्ही म्हटलं कामावरच्या सगळ्या पोरांचं पोलीस व्हेरिफिकेशन केलंय. एवढं पुरतं ना?

नाही पुरत, पण केलंत हे चांगलं, ते सोडू नका. २०२० चे पॉक्सोचे नियम आहेत त्यातल्या तिसऱ्या नियमात हे आलंय की मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थेने आपल्या माणसांची ठरावीक काळाने पडताळणी करावी आणि त्यांना मुलांच्या सुरक्षिततेचं ट्रेनिंगही वेळोवेळी द्यावं. दोन्ही. पडताळणीत फक्त तो माणूस सापडतो जो आधी पकडला गेलाय. जो कधी पकडलाच गेला नाही त्याचा दाखला स्वच्छच येणार.

म्हणून जागेची आणि कामाची रचना अशी करायची की कुणालाच संधी मिळू नये, चांगल्या माणसावर संशय येऊ नये आणि वाईट माणसाला कोपरा मिळू नये. तुमच्याकडे हे सगळं करता येण्यासारखं आहे. एक मोठा माणूस आणि एक मूल असे बंद खोलीत, होडीवर, गाडीत एकटे असता कामा नयेत, दुसरा मोठा माणूस नाहीतर निदान दुसरी मुलं दिसतील असं पाहिजे. ओले कपडे बदलायची जागा मुलामुलींची वेगळी, आतून कडी लागणारी, आणि मोठ्यांची त्याच वेळी तिथे नको. रात्री मुलांच्या खोलीत कुणी झोपायचं, कुणी नाही, हे आधी लिहून ठेवा, ऐनवेळी "तू झोप रे तिकडे" असं नको.

पाण्यात शिकवताना हात लावावाच लागतो, पोट खालून धरावं लागतं, लाइफ जॅकेटचे पट्टे मांड्यांमधून घ्यावे लागतात. ते लपवायची गरज नाही. तुमच्या कामावरच्या पोरांना शिकवा की आधी सांगायचं, "आता मी तुझा हा पट्टा आवळतो, चालेल?" आणि मूल नको म्हणालं तर त्यालाच आवळायला द्यायचं किंवा दुसऱ्या कुणाला बोलवायचं. हे एक वाक्य सवयीचं झालं की मुलालाही कळतं की माझ्या अंगाला हात लावायला विचारावं लागतं, आणि उद्या कुणी न विचारता लावला तर त्याला ते खटकेल.

फोटोंचं बघा. पोहण्याच्या कपड्यातल्या मुलांचे फोटो तुम्ही जाहिरातीला टाकता, मी तुमचं पेज बघितलं नाही पण बहुतेक सगळे टाकतात, त्यात मुलाचं नाव, शाळा, टी-शर्टवर गाव. पालकांची लेखी परवानगी घ्या आणि असे फोटो टाकूच नका खरं तर. स्टाफने स्वतःच्या मोबाइलवर मुलांचे फोटो काढायचे नाहीत, मुलांचे नंबर घ्यायचे नाहीत, नंतर इन्स्टावर मेसेज करायचे नाहीत. हे बोलायला अवघड जातं कारण सगळी आपल्याच वाडीतली पोरं, कुणी चुलतभाऊ, कुणी मावसभाऊ. पण नियम सगळ्यांना सारखा असला की कुणाला लागत नाही.

आणि ट्रेनिंगला फक्त इन्स्ट्रक्टर नको. स्वयंपाक करणारी काकी, होडीवाला, ड्रायव्हर, झाडलोट करणारा, सगळे बसले पाहिजेत. मुलं बहुतेक वेळा स्वयंपाकघरातल्या काकीजवळच बोलतात. तिला माहीत पाहिजे की मुलाने काही सांगितलं तर कुणाला सांगायचं, आणि मालकाविरुद्धच असेल तर कुणाला. ते दुसरं उत्तर तुमच्या पॉलिसीत लिहिलेलं असेल तर मी म्हणेन तुमची पॉलिसी खरी आहे.

जाता जाता अजून एक. मे महिन्यात तुमच्या आजूबाजूला आंब्याच्या बागांत राखणीला आलेली नेपाळी कुटुंबं असतात, बंदरावर बाहेरच्या राज्यातले खलाशी, त्यांच्यातली काही वयाने फारच लहान दिसतात. ती मुलं आपल्या कॅम्पमध्ये नसतात, म्हणून ती कुणाच्या यादीतही नसतात. चौदाच्या आतलं मूल कामाला दिसलं, किंवा चौदा-अठरामधलं धोक्याच्या कामावर, तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करता येतो.

प्रश्न : मी राजापूर तालुक्यातल्या एका शाळेत मुख्याध्यापक आहे. एका हंगामी कर्मचाऱ्याबद्दल सातवीतल्या मुलीच्या आईने तोंडी तक्रार केली. व्यवस्थापन समितीतले वजनदार लोक म्हणतात की मुलीचीच बदनामी होईल, गावात बसून मिटवूया, त्याला उद्यापासून येऊ नको सांगूया. आईसुद्धा आता डळमळतेय. मी काय करावं?

सर, आजच पोलिसांना कळवा. हे वाचेपर्यंत तुम्ही कळवलं असेल, कारण तुमचा मेसेज आला त्या रात्रीच आपलं बोलणं झालंय, पण इतरांसाठी लिहिते.

गावकीला पुष्कळ गोष्टींचा अधिकार आहे, पालखी कधी निघायची, मानकरी कोण, पाणंद कुठून जाणार. पण मुलावरचा लैंगिक गुन्हा मिटवायचा अधिकार गावाला नाही, शाळेला नाही, आईबापांनाही नाही. ज्याला माहीत असून कळवलं नाही त्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. म्हणजे समितीतले लोक तुम्हाला जो सल्ला देतायत त्याची शिक्षा तुम्ही भोगणार. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका वसतिगृहातल्या मुलींच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२२ मध्ये हे स्पष्टच म्हटलंय की माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे. तिथे उपचार करणाऱ्या डॉक्टरने कळवलं नाही असा आरोप होता आणि हायकोर्टाने त्याच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता, सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा तो निकालच रद्द केला.

"येऊ नको सांगूया" याचा अर्थ काय होतो बघा. तो माणूस पुढच्या महिन्यात लांज्याला नाहीतर कणकवलीला दुसऱ्या शाळेत लागेल. तिथल्या मुलांच्या आयांना कोण सांगणार?

बदनामीची भीती खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. पण बदनामी तक्रारीने होत नाही, बैठकांनी होते. देवळात वीस माणसं बसली की संध्याकाळपर्यंत मुंबईतल्या चाकरमान्यांच्या ग्रुपवर नाव गेलेलं असतं. उलट कायद्यात मुलीचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, काहीही छापायला, दाखवायला बंदी आहे. जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा, होता होईल तो महिला अधिकाऱ्याने, आणि अधिकारी गणवेशात नसला पाहिजे, मुलीचा विश्वास असलेलं माणूस जवळ पाहिजे, तिला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही, मेडिकल महिला डॉक्टरकडून. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला (संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठीची जिल्ह्याची समिती) कळवायचं असतं, आणि समिती तिला सपोर्ट पर्सन देऊ शकते, म्हणजे केस संपेपर्यंत बरोबर राहणारं, पुढे काय होणार ते समजावून सांगणारं माणूस. आईला हे सगळं बसून सांगा. ती डळमळतेय कारण तिला वाटतंय की आपण एकट्या पडणार, आणि तिला आतापर्यंत फक्त मिटवा म्हणणारेच भेटलेत.

तुम्ही स्वतः त्या कर्मचाऱ्याला बोलावून जाब विचारू नका. मुलीला परत परत सगळ्यांसमोर सांगायला लावू नका. पालकसभा घेऊन नावानिशी बोलू नका. तो शाळेच्या आवारात येणार नाही एवढं मात्र आजपासून बघा.

प्रश्न : (वेंगुर्ला तालुका, नातीने टाइप करून पाठवलेला) बाय माझे, माझो झील नि सून मुंबयत, नातू माझ्याकडे, नऊ वर्षांचो. आधी भजनाक, पखवाजाच्या क्लासाक उड्या मारीत जायचो. आता दोन महिने झाले, क्लासाचो वार इलो की पोटात दुखता म्हणता, "माका जावचा नाय". शेजारीण म्हणता लाड करू नको, धाड. मी तिका म्हटलंय माका बरा वाटणा नाय. ती म्हणता, झिलग्याक काय होतला?

आजी, तुम्हाला बरं वाटत नाही ना, मग धाडू नका. हे आधी. क्लास दोन महिन्यांनी परत लावता येतो.

आणि शेजारणीचं म्हणणं मला जरा खोडायचंय, रागाने नाही, कारण हे आपण सगळेच म्हणत आलोय. केंद्र सरकारच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने २००७ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता, १३ राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांशी बोलून. त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि त्या मुलांमध्ये मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते, साधारण ५३ टक्के. त्रास देणारे निम्मे जण मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले. पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करतच नाही, अठरा वर्षांच्या आतलं कुणीही. झिलग्याकही होता, आजी, आणि तो सांगत नाही कारण लहानपणापासून आपणच त्याला सांगितलेलं असतं की पुरुषासारखा राहा, रडू नको.

पण लगेच तेच झालंय असंही धरून बसू नका हां. क्लासमध्ये मार बसत असेल, मोठी पोरं चिडवत असतील, वाटेत कुत्रा असेल, किंवा आईबापांची आठवण येत असेल. पोटाचं डॉक्टरांना दाखवा. रात्री अंथरुणात, दिवा मालवल्यावर, तुमच्या कुशीत असताना विचारा, "बाबू, क्लासात तुका काय आवडणा नाय?" आणि मग थांबा. आज्यांना थांबता येतं, आम्हाला नाही येत. तो काही बोलला तर "हो का, मग?" एवढंच. बुवांना जाऊन तिथल्या तिथे शिव्या घालू नका, झिलाला फोन करून आरडाओरडा होईल असं सांगू नका. तो काही सांगो न सांगो, मनात खटका राहिला तर १०९८ लावा, फुकट आहे, रात्रीही चालतो. काय बोलायचं ते सुचलं नाही तरी चालेल, तुम्ही मला जे लिहिलंत तेच त्यांना सांगा.

ट्रेनिंग घेणाऱ्या सगळ्यांसाठी एक सूचना, ही आजींच्या पत्रावरूनच सुचली. आपल्या कोकणात बरीच मुलं आजी-आजोबांकडे वाढतायत, आईबाप मुंबई-ठाण्याला, आणि आपण ट्रेनिंग ठेवतो पालकांसाठी, रविवारी, मराठी पुस्तकी भाषेत. आजी येणार कशा? दुपारी, काजूगर सोलायला बायका जिथे जमतात तिथे जा, आणि त्यांच्या बोलीत बोला.

प्रश्न : गुड टच बॅड टचचं सेशन आमच्या शाळेत दरवर्षी होतं. पुरेसं आहे का? (चिपळूण, पालक)

वर्षातून एकदा, बाहेरचा माणूस, दोनशे मुलं एका हॉलमध्ये, असं असेल तर फार उपयोग होत नाही. मुलांना शरीराच्या अवयवांची नावं न लाजता घेता येणं, नको म्हणायचा सराव, विश्वासातली तीन मोठी माणसं कोण हे माहीत असणं, हे घरी आणि वर्गात थोडं थोडं वर्षभर चालायला पाहिजे. आणि "गुड-बॅड" पेक्षा मी "बरं वाटणारा, न वाटणारा आणि गोंधळात टाकणारा" असं सांगते, कारण बरेचदा सुरुवात गोंजारण्याने, चॉकलेटने, मोबाइलवर गेम खेळायला देण्याने होते आणि मुलाला ते वाईट वाटतच नाही. पण खरं ओझं मुलावर टाकायचंच नाही. सहा वर्षांच्या पोराने मोठ्या माणसाला अडवावं ही अपेक्षा चुकीची आहे. आधी मोठ्यांचं ट्रेनिंग, मग मुलांचं सेशन, या क्रमाने करा. मुलं सेशननंतर बोलायला लागतात, आणि ऐकणारं कुणी तयार नसेल तर ते फार वाईट.

प्रश्न : मी रत्नागिरीत बी.ए. सायकॉलॉजी केलंय. मला याच क्षेत्रात काम करायचंय. काय शिकू, कुठे?

छान. पैशाचं आधी सांगते, कारण नंतर मुलं निराश होतात. जिल्हा बाल संरक्षण कक्षात संरक्षण अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ता, विधी तथा परिविक्षा अधिकारी अशी पदं असतात, मिशन वात्सल्य या सरकारी योजनेखाली, पण बरीचशी कंत्राटी असतात आणि मानधन कामाच्या मानाने कमी आहे. तरी मी म्हणेन करा, कारण माणसं कमी आहेत.

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, केलीत तर वाट सोपी होते, मुंबईला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहेच. १०९८ ची सुरुवातही १९९६ मध्ये त्याच संस्थेचा एक प्रकल्प म्हणून झाली होती. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेचा ‘संवाद’ नावाचा उपक्रम आहे, तिथे मुलांशी कसं बोलावं, धक्क्यातून गेलेल्या मुलाबरोबर कसं काम करावं यावर ऑनलाइन प्रशिक्षणं असतात, ती मी स्वतः नव्या माणसांना सुचवते. युनिसेफच्या अगोरा या पोर्टलवरही बाल संरक्षणाचे कोर्स आहेत, इंग्रजीत, घरबसल्या. पॉक्सो २०१२ आणि बाल न्याय कायदा २०१५ हे कायदेच मराठी भाषांतरातून पूर्ण वाचा, कुणाचं सारांशाचं पुस्तक नको.

त्याबरोबर एक काम लगेच करता येईल. बाल कल्याण समितीकडे जाऊन सपोर्ट पर्सन म्हणून नाव देता येतं का ते विचारा. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यांना सांगितलंय की सपोर्ट पर्सनची निवड, प्रशिक्षण, मानधन यांची नीट व्यवस्था करा. सुरुवातीला अनुभवी माणसाबरोबर नुसतं जाऊन बसा. कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर एका मुलाबरोबर चार तास चित्र काढत बसणं, हे तुम्हाला जमतं का बघा. केसमध्ये पुरावा एका महिन्यात नोंदवायचा, खटला शक्यतो वर्षात संपवायचा असं कायदा म्हणतो, पण तारखा पुढे जातात, आणि दर तारखेला मूल तेच परत आठवतं. त्या वेळी शेजारी ओळखीचा चेहरा असणं म्हणजे काय ते पुस्तकात नाही कळत. आणि स्वतःसाठी बोलायला कुणीतरी ठेवा, एखादी सीनियर ताई. घरी येऊन गप्प बसायची सवय लागली की समजा आता थांबायला हवं.

प्रश्न : अंगणवाडी सेविका, दापोली तालुका. ताई, वरून सांगितलंय हेल्पलाइनचा बोर्ड लावा. आम्ही लावलाय दाराच्या वर. ठीक आहे ना?

ताई, बोर्ड लावलात ते बरोबर, जागा बदला. दाराच्या वर मोठ्यांना दिसतो. अंगणवाडीतली पिल्लं वाचत नाहीत, पण त्यांना सोडायला-न्यायला येणारी दुसरी-तिसरीतली भावंडं वाचतात. त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला, जिथे ती चपला घालायला वाकतात त्या भिंतीवर, मोठ्या आकड्यांत १०९८ रंगवून घ्या. आता तो नंबर ११२ या आपत्कालीन नंबरशीही जोडलेला आहे, तोही खाली लिहा. आणि आकडे गाण्यासारखे पाठ करून घ्या, दहा, नऊ, आठ. "दहा-नऊ-आठ" असं दोनदा म्हटलं की पोरं घरापर्यंत म्हणत जातात.